दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये ५.१ होम थिएटर: मोजपट्टीपासून कॅलिब्रेशनपर्यंत

होम थिएटर घेताना बहुतेक जण आधी दुकानात जातात आणि खोलीचा विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा. महागडी स्पीकरजोडी चुकीच्या जागी ठेवली तर मध्यम किमतीच्या, पण नीट लावलेल्या जोडीपेक्षा वाईट वाजते. म्हणून हा लेख खोलीपासून सुरू होतो. उदाहरणासाठी आपल्याकडच्या फ्लॅटमधला नेहमीचा हॉल घेऊ: रुंदी १० फूट, लांबी १६ फूट, उंची साडेनऊ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला पॅसेजकडे जाणारी मोकळी जागा, सोफ्यामागे डायनिंग टेबल. त्यात बसवायचं आहे ५.१, म्हणजे पुढे तीन स्पीकर, बाजूला दोन सराउंड आणि एक सबवूफर, आणि हे सगळं चालवणारा एव्ही रिसीव्हर.

भाड्याचं घर असेल, भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल किंवा सोफा लांब भिंतीला टेकवून टीव्ही तिरका बघत असाल, तर सरळ सबवूफरसह साउंडबार घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पाच स्पीकर जागेवर ठेवता येणार नसतील तर पाच स्पीकरचे पैसे वाया जातात.

खोली आधी मोजा

टीव्ही १० फुटी भिंतीवर आणि सोफा समोर, ही मांडणी आपल्या हॉलसाठी योग्य. पुढचे स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे धरले आणि कान तिथून ९ फुटांवर धरले, तर डोक्यामागे साडेपाच फूट जागा उरते. ही जागा फार कामाची आहे. सोफा मागच्या भिंतीला चिकटला की खालचा बास फुगतो आणि भिंतीवरून लगेच परतणाऱ्या आवाजामुळे संवाद गढूळ होतात.

बासचं गणित एकदा समजून घेतलं की पुढचे बरेच गोंधळ टळतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की तो सूर मिळतो. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, तिथे ३५ हर्ट्झ. १० फुटांत ५७ हर्ट्झ. साडेनऊ फूट उंचीला ६० हर्ट्झ. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे शेवटचे दोन सूर एकमेकांवर येतात. म्हणूनच अशा हॉलमध्ये ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपास ढोलाचा एकच एक ठोका घुमल्यासारखा वाटतो आणि लोक दोष सबवूफरला देतात. उपाय सबवूफरच्या जागेत आहे, तो पुढे येईल.

मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. मागोमाग टणटणीत झंकार ऐकू आला तर टाइल्स, काच आणि मोकळ्या भिंती आवाज उडवतायत. सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जमिनीवर किमान ५ बाय ७ फुटांचा जाड गालिचा, बाल्कनीच्या सरकत्या काचेवर जाड, भरपूर चुण्यांचा पडदा आणि बाजूच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट एवढ्यावर मोठा फरक पडतो. अंडी ठेवायचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी बासवर काहीच होत नाही आणि ते पटकन पेट घेतात.

टीव्हीचा आकारही इथेच ठरतो. डोळ्यापाशी पडदा निदान ३० अंशांत पसरलेला दिसावा, हा चित्रपटगृहाकडून आलेला निकष. ५५ इंची टीव्हीला त्यासाठी सुमारे साडेसात फूट अंतर लागतं, ६५ इंचीला पावणेनऊ ते नऊ फूट. आपले कान टीव्हीपासून सुमारे दहा फुटांवर आहेत, म्हणजे निदान ६५ इंची, जमलं तर ७५. पडद्याचा मध्य जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर ठेवा. शोरूममध्ये किंवा इंटिरियरच्या चित्रांत टीव्ही फार वर टांगलेला दिसतो. दोन तासांच्या चित्रपटात मान त्याचा हिशेब मागते.

काय घ्यायचं आणि पैसे कुठे घालायचे

शंभर रुपये असतील तर साधारण ४५ रुपये पुढच्या तीन स्पीकरवर, २० सबवूफरवर, २० रिसीव्हरवर आणि उरलेले १५ सराउंड, वायर, ब्रॅकेट, प्लग यांवर घाला. संवाद जवळजवळ पूर्णपणे मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तो डाव्या-उजव्या स्पीकरच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर पडद्यावरून चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मधेच बदलतो. सराउंड साधे चालतात.

खोक्यावरचे वॅट वाचायला शिका. 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा सोडून द्या, त्याला अर्थ नाही. रिसीव्हरच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू' असं लिहून दिलेले ८० वॅट खरे. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन' असं लिहून दिलेले १५० वॅट जाहिरातीचे. शिवाय गरजही तेवढी नसते. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. नऊ फुटांवर त्यातले नऊएक डेसिबल कमी होतात. प्रत्येक वेळी वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. म्हणजे १६ वॅटमध्येच तुमच्या कानाशी ९० डेसिबलच्या वर आवाज येतो, आणि फ्लॅटमध्ये तेवढा कोणी चालू देत नाही.

रिसीव्हर घेताना पाहायच्या गोष्टी: ईएआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत आणायची सोय) असलेलं एचडीएमआय आउट, मायक्रोफोनसह ऑटो कॅलिब्रेशन (डेनॉन-मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपीएओ अशा नावांनी), प्रत्येक स्पीकरचा क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) वेगळा लावायची सोय, आणि भारतातली वॉरंटी. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून रिसीव्हर मागवायचा मोह अनेकांना होतो. तिथलं मॉडेल १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलं तर त्याच क्षणी जळू शकतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण तो जड, गरम आणि कधीकधी गुणगुणणारा असतो, आणि दुरुस्तीला इथे कोणी वाली नसतो.

सबवूफर १० इंची, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला घ्या. आपली खोली सुमारे १५०० घनफूट आहे, शिवाय पॅसेजची बाजू मोकळी. ८ इंची त्यात धापा टाकतो. स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ६ किंवा ८ ओहम असावा. ४ ओहमचे स्पीकर स्वस्त रिसीव्हरला गरम करून बंद पाडतात.

अ‍ॅटमॉस? ही डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत. छतात फॉल्स सीलिंग होत असेल तर सोफ्याच्या थोडं पुढे दोन जागांपर्यंत वायर टाकून ठेवा आणि स्पीकर पुढच्या वर्षी घ्या. छताकडे तोंड करून आवाज परतवणारे स्पीकर सपाट छताखालीच काम करतात. पीओपीच्या नक्षीदार कडांखाली ते नुसते जागा अडवतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत वायर, प्लग आणि ब्रॅकेट स्वस्त मिळतात. रिसीव्हर मात्र पक्क्या बिलासह अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

वायरिंग: रंगकामाच्या आधी

संपूर्ण कामात पैसे सर्वांत कमी आणि पस्तावा सर्वांत जास्त इथे असतो. भिंतीत झिरी मारायची असेल तर प्लास्टर-पुट्टीच्या आधी. उशीर झाला असेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी, तीही चालते.

स्पीकर वायरसाठी २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, वळणावर कोपऱ्याऐवजी मोठा बेंड, आणि एका ओढीत दोनपेक्षा जास्त वळणं नकोत, नाहीतर वायर ओढायची स्प्रिंग अडकते. विजेच्या पाइपपासून किमान एक फूट लांब, आणि ओलांडायचाच असेल तर काटकोनात. प्रत्येक पाइपमध्ये वायरसोबत नायलॉनची एक रिकामी दोरी सोडून ठेवा. टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत मात्र २ इंची पाइप हवा. एचडीएमआयचं टोक २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये पहिल्याच बेंडला अडतं, आणि हे प्लास्टर सुकल्यावरच कळतं.

लांबीचा हिशेब आपल्या हॉलसाठी असा. रिसीव्हर टीव्हीखाली मध्यभागी. पुढचे दोन स्पीकर: प्रत्येकी ३ मीटर. सेंटर: २ मीटर. उजवा सराउंड: खाली स्कर्टिंगपर्यंत २ फूट, कोपऱ्यापर्यंत ५, बाजूच्या भिंतीने १२, वर साडेपाच, आणि दोन्ही टोकांना मिळून ३ फूट शिल्लक, झाले साडेसत्तावीस फूट, म्हणजे साडेआठ मीटर. डावीकडे पॅसेजची मोकळी जागा असल्याने वायर वरून न्यावी लागते, तिथे १० मीटर धरा. एकूण साडेसव्वीस, ३० मीटर घ्या. सबवूफरला शील्ड असलेली आरसीए केबल, ५ मीटर.

जाडी १.५ चौरस मिलिमीटर, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची. १० मीटरच्या अंतरात जाऊन-येऊन तिचा रोध ०.२३ ओहम भरतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो नगण्य आहे. २.५ ची वायर घेतली तरी बिघडत नाही, पण प्लगमध्ये बसवताना जीव जातो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास 'कॉपर' म्हणून विकतात. दोन-चार तारा ब्लेडने खरवडा; आत चंदेरी निघाली तर परत करा. बंडल हातात घेतल्यावर हलकं लागलं तरी संशय घ्यावा.

एचडीएमआयसाठी २ ते ३ मीटरपर्यंत 'अल्ट्रा हाय स्पीड'चं लेबल असलेली साधी केबल पुरते. प्रोजेक्टरसाठी १० मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या आणि तिची दिशा पाहा. एक टोक 'सोर्स', दुसरं 'डिस्प्ले' असतं. भिंतीत उलटी टाकली तर चित्र येत नाही.

विजेचे पॉइंट: टीव्हीमागे दोन आणि खालच्या युनिटमध्ये पाच सॉकेट, शिवाय सबवूफरच्या दोन संभाव्य जागांपाशी एकेक. एसीच्या लाइनवरून हे घेऊ नका. बोर्ड लागल्यावर इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने तपासून दाखवायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभरच्या आसपास तरंगत असेल तर अर्थिंग नाहीच असं समजा आणि ते होईपर्यंत रिसीव्हर लावू नका.

पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा.

टीव्ही आणि स्पीकर जागेवर

भिंत कशाची आहे ते आधी ठरवा. काँक्रीट किंवा भाजलेल्या विटेत नेहमीचा १० मिलिमीटरचा प्लग पुरतो. नव्या इमारतींत बऱ्याचदा सिपोरेक्स, म्हणजे हलके एएसी ब्लॉक असतात. ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं आणि पांढरी भुकटी पडली की ओळखावं. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि एएसीसाठीचे खास प्लग किंवा केमिकल अँकर वापरा. साधा प्लग काही महिन्यांनी ढिला होऊन बाहेर येतो. टीव्हीमागच्या बोल्टचा व्यास आणि खोली टीव्हीच्या पुस्तिकेत असते. लांब बोल्ट जबरदस्तीने पिळला तर आतला पॅनेल फुटतो.

पुढचे स्पीकर: पुस्तकात दोन्ही स्पीकर ३० अंशांवर लिहिलेले असतात. ९ फुटांवर बसून त्यासाठी दोघांत सुमारे १० फूट ५ इंच अंतर लागेल, आणि आपला हॉलच १० फुटी आहे. साडेसात फूट अंतर ठेवा. बाजूच्या भिंतींपासून सव्वा फूट सुटतात आणि कोन साडेबावीस अंश होतो, तो चालतो. उंच आवाजाचा छोटा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, सुमारे ३८ ते ४० इंचांवर यावा, आणि स्पीकर किंचित आत, सोफ्याकडे वळवा.

सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली. तो शेल्फच्या आत ढकलू नका. त्याची पुढची कड फळीच्या कडेशी जुळवा, नाहीतर फळीवर आपटलेला आवाज संवादात मिसळतो. पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे घालून तोंड थोडं वर, कानाकडे करा.

सराउंड कानाच्या रेषेच्या दीड फूट मागे, बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. हा कोन सुमारे १०७ अंश येतो आणि तो १०० ते १२० मध्ये असावा लागतो. डावीकडे भिंत नसेल तर छतावरून रॉड सोडा किंवा स्टँड ठेवा, पण उंची आणि अंतर उजव्यासारखंच ठेवा. 'डावीकडे भिंत नाही म्हणून मागच्या भिंतीवर' ही तडजोड टाळा. एक बाजूने आणि दुसरा मागून बोलला की सगळा डोलारा कलतो.

आता सबवूफर. त्याला उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ओळखीचं, सतत बास असलेलं गाणं लावा. मग हॉलच्या कडेकडेने रांगत जा आणि कान जमिनीजवळ धरा. जिथे बास घट्ट आणि एकसारखा वाटेल, कुठलाही एक सूर फुगणार नाही, ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, पण यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची रीत नाही. आपल्या हॉलमध्ये ही जागा कोपऱ्याऐवजी बऱ्याचदा लांब भिंतीच्या मधोमध सापडते, कारण भिंतीच्या मध्यावर ३५ हर्ट्झचा घुमारा कमी पडतो. ५७ चा जास्त त्रास असेल तर पुढच्या भिंतीच्या मधोमध, टीव्ही युनिटच्या शेजारी ठेवून पाहा.

रिसीव्हरच्या वर किमान ५ इंच मोकळे ठेवा, मागे तितकेच, आणि शटर असलेल्या कपाटात तो कोंडू नका. त्याच्यावर सेट टॉप बॉक्स ठेवायची सवय तर ताबडतोब मोडा.

जोडणी

सगळं बंद ठेवून वायर जोडा. प्रत्येक टोक १२ मिलिमीटर सोलून, तारा घट्ट पिळून बनाना प्लगमध्ये कसा. एखादी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागली की रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद होतो. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही बाजूंना. एका स्पीकरचं उलटं झालं तर आवाज मध्यातून येत नाही आणि बास गायब होतो.

टीव्ही ते रिसीव्हर एकच एचडीएमआय: रिसीव्हरच्या ईएआरसी लिहिलेल्या आउटमधून टीव्हीच्या ईएआरसी लिहिलेल्या पोर्टात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (उपकरणांनी एचडीएमआयवरून एकमेकांना चालवायची सोय) चालू, आवाजाचं आउटपुट 'पास थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम', ईएआरसी 'ऑटो'. इथे 'पीसीएम' राहिलं तर बहुतेक टीव्ही फक्त स्टिरिओ पाठवतात. जुन्या एआरसीवरून डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यातला अ‍ॅटमॉस येतो, पण ब्लू-रेचा ट्रू-एचडी येत नाही. म्हणून ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा.

रिसीव्हरच्या पडद्यावर काय येतंय ते वाचायची सवय लावा. जुने मराठी चित्रपट, मालिका, बातम्या हे सगळं बहुतेक वेळा स्टिरिओच असतं, आणि ओटीटीच्या स्वस्त प्लॅनमध्ये ५.१ मिळतंच असं नाही. स्टिरिओ आल्यावर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'न्यूरल एक्स' मोड लावा. संवाद सेंटरकडे जातात. गाणी मात्र साध्या स्टिरिओत ऐकावीत, सराउंडमध्ये पसरवलेली तबल्याची थाप कानाला पोकळ लागते.

कॅलिब्रेशन

शांत वेळ निवडा: पंखे, एसी बंद, खिडक्या बंद. शेजारच्या कुकरची शिट्टी मध्ये आली तर मोजणी पुन्हा करावी लागते. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर किंवा हातात नको. पहिली जागा मधल्या बैठकीची, बाकीच्या तिच्यापासून दीड-दोन फुटांच्या आत. सुरू करण्याआधी सबवूफरवरचं लो-पास बटण पूर्ण वर आणि फेज शून्यावर ठेवा, गेन, म्हणजे त्याच्या आवाजाचं बटण, साधारण निम्म्यावर.

मोजणी झाल्यावर तीन गोष्टी हाताने तपासा. स्पीकर 'लार्ज' आले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. अगदी छोटे, 'सॅटेलाइट' म्हणतात ते स्पीकर असतील तर १२०. सबवूफरची पातळी -१२ आली असेल तर त्याचा गेन फार वर आहे: कमी करा, पुन्हा मोजा. आणि सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा चार-सहा फूट जास्त दाखवलं तर ते तसंच राहू द्या. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ रिसीव्हरने अंतराच्या रूपात धरलेला असतो. मोजपट्टीने 'दुरुस्त' केलेला हा आकडा बास बिघडवतो.

नेहमीच्या तक्रारी

संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारीत मात्र कान फुटतात: सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबल वाढवा, रात्री 'डायनॅमिक रेंज' कमी करणारा मोड लावा. तरी फरक नसेल तर गालिचा-पडदा राहिलाय.

सतत घूं आवाज येतो: हा ५० हर्ट्झचा अर्थ लूप. आधी केबल टीव्हीची किंवा छत्रीची (डिशची) केबल उपटून पाहा. बंद झाला तर दोष तिथे आहे. केबल टीव्हीला आयसोलेटर लावता येतो. छत्रीच्या केबलला लावू नका, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज त्याच केबलने जाते. तिथे सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. प्लगची अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय अजिबात नाही, त्याने जीव जाऊ शकतो. वीज गेल्यावरच घरघर सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे; रिसीव्हर आणि सबवूफर त्यावरून काढा.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत: टीव्हीत गेम किंवा सिनेमा मोड लावून चित्रावरची प्रक्रिया कमी करा. आवाज पुढे धावत असेल तर रिसीव्हरमध्ये ऑडिओ डिले २० मिलिसेकंदांच्या टप्प्याने वाढवा.

खालच्या मजल्यावरून तक्रार आली: सबवूफरखाली २ इंची दाट फोमचा पॅड घाला, त्याने टाइल्सची थरथर थांबते. हवेतून जाणारा बास मात्र स्लॅब अडवत नाही. रात्री दहानंतर सबवूफरची पातळी ६ डेसिबलने खाली आणा; बऱ्याच रिसीव्हरमध्ये रिमोटवरूनच ते होतं.

पावसाळ्याआधी, विशेषतः वळवाच्या विजा सुरू झाल्या की, बाहेर जाताना प्लगसोबत छत्रीची केबलही काढून ठेवा. सर्ज प्रोटेक्टर विजेच्या लाइनवरून येणारा झटका झेलतो. केबलमधून आलेला झटका सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआय मार्गे थेट रिसीव्हरच्या बोर्डापर्यंत जातो, आणि तो बोर्ड बदलायला नव्या रिसीव्हरच्या अर्ध्या किमतीपर्यंत खर्च येऊ शकतो.